पुढच्या महिन्यात किती पाहुणे?

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथे मोठे रुग्णालय आहे. त्याच्यासमोर तुम्ही चहाची टपरी चालवता आहात अशी कल्पना करा. रोज रात्री तुमच्यापुढे एकच प्रश्न उभा राहील : उद्यासाठी दूध किती घ्यायचे? जास्त घेतले तर नासणार. कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जाणार. महिना-दोन महिन्यांत तुमच्या ध्यानात येईल, की सोमवारी गर्दी अधिक, रविवारी कमी, सणाच्या दिवशी त्याहून कमी. आणि पावसाळ्यात तापाची साथ आली की पुन्हा झुंबड. हे सारे मनाशी धरून तुम्ही दुधाचा रतीब ठरवू लागाल. त्या दिवशी तुम्ही, नकळत का होईना, एक सांख्यिकीय प्रतिमान रचलेले असेल.

आता वर्ध्याच्या दुसऱ्या अंगाला चला. १९३६ साली गांधीजी जेथे राहायला आले ते सेवाग्राम पाहण्यासाठी देशातून आणि परदेशांतूनही माणसे येतात. त्यांना स्टेशनवरून आश्रमात नेणारा ऑटोवाला, खादी विकणारा दुकानदार, अजिंठ्याच्या लेण्यांतला वाटाड्या, गोव्याच्या किनाऱ्यावरचा हॉटेलवाला, या सर्वांचा प्रश्न टपरीवाल्याचाच आहे : पुढच्या महिन्यात किती पाहुणे येतील? हॉटेलातली आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा भाड्याने देता येत नाही. म्हणजे ती दुधापेक्षाही नाशवंत! म्हणूनच परदेशी पर्यटकांच्या संख्येतील चढउतारांचे गणित हा संख्याशास्त्रातला एक महत्त्वाचा विषय झाला आहे. हे गणित वाटते तितके अवघड नाही. आपण ते आज स्वतः करून पाहू या.

कल आणि ऋतुमान

भारतात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याची नोंद विमानतळावर, बंदरावर किंवा सरहद्दीवरच्या नाक्यावर होते. त्या नोंदींवरून पर्यटन मंत्रालय दरमहाचे आकडे प्रसिद्ध करते. १९५१ साली आपल्या देशात १६,८२९ परदेशी पर्यटक आले. २०१९ साली आले १,०९,३०,३५५. मधल्या ६८ वर्षांत संख्या सुमारे ६५० पट झाली. चक्रवाढ व्याजाचे सूत्र तुम्हाला ठाऊकच आहे. १६,८२९ ला १.१ ने ६८ वेळा गुणून पाहा. उत्तर १ कोटी १० लाखांच्या अगदी जवळ येते. म्हणजे सरासरीने पाहिले तर ही संख्या दरसाल १० टक्के चक्रवाढीने वाढत गेली. दीर्घ काळच्या या वाटचालीला 'कल' म्हणतात.

परंतु वर्षाच्या आत डोकावले तर वेगळेच चित्र दिसते. मे २०१९ मध्ये ६ लाख १५ हजार पर्यटक आले, तर डिसेंबरात १२ लाख २६ हजार, जवळजवळ दुप्पट. वर्षाची मासिक सरासरी ९ लाख ११ हजार होती. मे महिन्याच्या आकड्याला या सरासरीने भागले तर ०.६८ येते आणि डिसेंबराच्या आकड्याला भागले तर १.३५. या गुणकांना 'ऋतुमानाचे निर्देशांक' म्हणतात. कारण उघड आहे. आपल्याकडे मे महिन्यात ऊन भाजून काढते, तर डिसेंबरात युरोपात बर्फ आणि नाताळची सुट्टी असते. पवनारला धाम नदीचे पाणी दरवर्षी ठरावीक महिन्यांत चढते आणि उतरते, तसेच हे.

कल आणि ऋतुमान यांची अशी सांगड घालण्याचे एक नामांकित उदाहरण म्हणजे १९४९ ते १९६० या १२ वर्षांतील आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांचे मासिक आकडे. जानेवारी १९४९ मध्ये ते १ लाख १२ हजार होते. डिसेंबर १९६० मध्ये ४ लाख ३२ हजार. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेन्किन्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हे आकडे वापरले आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी त्यांवर हात बसवत आले आहेत. त्या आलेखात जसजशी प्रवाशांची संख्या वाढते तसतसे ऋतूंचे चढउतारही मोठे होत जातात. अशा वेळी संख्यांऐवजी त्यांचे लघुगणक घेतले, की गुणाकाराची बेरीज होते आणि सगळे चढउतार सारख्या उंचीचे दिसू लागतात. लघुगणकाचे कोष्टक परीक्षेपुरतेच असते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

एक सोपे भाकीत

आता आपण स्वतः भाकीत करू. २०१७ साली १,००,३५,८०३ पर्यटक आले आणि २०१८ साली १,०५,५७,९७६. म्हणजे वाढ ५.२ टक्के. २०१८ संपले आहे आणि आपल्याला २०१९ चा अंदाज बांधायचा आहे असे समजा. साधा नियम असा : गेल्या वर्षीचा तोच महिना घ्या आणि त्याला १.०५२ ने गुणा. महिना तोच घेतल्यामुळे ऋतुमान आपोआप जमेस धरले जाते आणि गुणल्यामुळे कल. पुढील कोष्टकात आकडे हजारांत आहेत. शेवटच्या स्तंभात प्रत्यक्ष संख्या अंदाजापेक्षा किती अधिक (+) वा उणी (−) आली ते दिले आहे. (मूळ आकड्यांवरून हिशेब करून नंतर पूर्णांक केले असल्याने ताळा पाहताना एखाद्या हजाराचा फरक पडेल.)

महिना : २०१८ : २०१९ : चूक
जानेवारी : १०४५ : ११११ : +१२
फेब्रुवारी : १०४९ : १०९१ : −१३
मार्च : १०२२ : ९७८ : −९६
एप्रिल : ७४५ : ७७५ : −९
मे : ६०७ : ६१५ : −२३
जून : ६८४ : ७२६ : +७
जुलै : ८०६ : ८१८ : −३०
ऑगस्ट : ७८६ : ८०१ : −२६
सप्टेंबर : ७२० : ७५२ : −६
ऑक्टोबर : ८९० : ९४५ : +९
नोव्हेंबर : १०१३ : १०९२ : +२७
डिसेंबर : ११९१ : १२२६ : −२७

इतक्या साध्या नियमाने बारांपैकी अकरा महिन्यांचा अंदाज ४ टक्क्यांच्या आत साधला, ही काही वाईट गोष्ट नाही. पण आपल्याला आज रस आहे तो शेवटच्या स्तंभात. या चुका लहान म्हणायच्या की मोठ्या? कशाच्या मानाने?

वर्गमुळाची पट्टी

याचे उत्तर एका नाण्यात आहे. नाणे १०० वेळा उडवा. छाप बहुधा ५० च्या आसपास पडेल, पण बरोबर ५० वेळाच पडेल असे नाही. साधारणपणे ५ चा फरक इकडे-तिकडे पडतो. आमच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत गायगर गणित्रावर किरणोत्सर्गी कणांचे ठोके मोजतानाही हेच दिसते. मिनिटाला सरासरी १०० ठोके पडत असतील तर प्रत्येक मिनिटाची संख्या साधारण १० ने कमी-जास्त होते. सरासरी १०,००० असेल तर १०० ने. ज्या घटना एकमेकींवर अवलंबून नसतात त्यांच्या संख्येतील स्वाभाविक चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणाचा हा गुणधर्म आहे.

वर्गमूळच का? पायथागोरसचा सिद्धांत आठवा. काटकोनातल्या दोन बाजूंची लांबी ३ आणि ४ असेल तर कर्ण ७ नसून ५ असतो. स्वतंत्र चुका एकमेकींत मिसळतात त्या अशाच, काटकोनात असल्यासारख्या. एकीने संख्या वाढते, दुसरीने घटते आणि बरेचसे परस्पर फिटून जाते. म्हणून चुकांची नव्हे, तर त्यांच्या वर्गांची बेरीज होते.

ही पट्टी घेऊन पर्यटकांकडे वळू. महिन्याला सुमारे ९ लाख पर्यटक येतात. प्रत्येकाने भारतात यायचे की नाही हे अगदी स्वतंत्रपणे, दुसऱ्या कोणाशीही संबंध नसताना ठरवले असते, तर स्वाभाविक चढउतार असता ९ लाखांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ९५०. आपण दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना केली, म्हणून फार तर दीड हजार धरा. कोष्टकातली सर्वांत लहान चूकसुद्धा जवळजवळ ६,००० आहे आणि मार्चची तर ९६,०००! निष्कर्ष टाळता येत नाही : पर्यटक स्वतंत्रपणे येत नाहीत. ते कशाने तरी एकमेकांना बांधलेले आहेत.

गाठोड्याचा आकार

ही बांधणी किती घट्ट आहे हे मोजता येईल काय? पुन्हा नाण्यांकडे जाऊ. या वेळी १०० नाणी घ्या आणि दहा-दहा नाणी एकेका पट्टीवर, सर्वांची छाप एकाच बाजूला येईल अशी, चिकटवा. आता दहा पट्ट्या उडवा. नाणी तेवढीच, १०० च. सरासरी छापाही तेवढ्याच, ५०. पण चढउतार आता ५ चा नाही. तो १६ च्या घरात जातो. म्हणजे १० च्या वर्गमुळाइतका, ३.१६ पट, वाढला.

यावरून एक सुटसुटीत सूत्र मिळते. संख्या 'स' असेल आणि माणसे 'ग' च्या गाठोड्यांनी येत असतील, तर चढउताराचा वर्ग = ग × स. उलट बाजूने, चढउताराच्या वर्गाला संख्येने भागले की गाठोड्याचा आकार हाती येतो.

आपल्या कोष्टकातला मार्च बाजूला ठेवून उरलेल्या अकरा चुकांचे वर्ग करा, त्यांची सरासरी काढा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर सुमारे १९ हजार येते. सूत्रात घातले तर गाठोडे निघते ४०० च्या आसपास माणसांचे. यातला काही भाग आपल्या ढोबळ नियमाचाही आहे, कारण २०१९ ची प्रत्यक्ष वाढ ५.२ ऐवजी ३.५ टक्केच झाली. तरीही आकडा बोलका आहे. कुटुंब मिळून येते, सहलीची मंडळी मिळून येते, आणि एका विमानात दोन-तीनशे माणसे बसलेली असतात. विमान रद्द झाले की ती सगळी एकदमच कमी होतात.

मार्चचे काय? तेथे हेच सूत्र लावले तर गाठोडे साडेआठ हजारांवर जाते. एका महिन्याच्या एकाच चुकीवरून फार ठाम बोलू नये. पण एवढे मोठे गाठोडे दिसले की एखादे सामाईक कारण शोधलेच पाहिजे.

मार्चचा तपास

पहिला संशय येतो सुट्टीवर. ईस्टरचा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. २०१८ साली तो १ एप्रिलला होता, म्हणून सुट्टीचे प्रवासी मार्चअखेरीसच आले असणार. २०१९ साली तो २१ एप्रिलला गेला. मग मार्चचे पाहुणे एप्रिलमध्ये सरकले असतील काय? हे तपासण्याची सोपी युक्ती अशी : दोन्ही महिन्यांची बेरीज करा. पाहुणे नुसते सरकले असतील तर बेरजेतली चूक नाहीशी व्हायला हवी. पण मार्च-एप्रिल मिळून अंदाज होता १८ लाख ५८ हजार, आणि आले १७ लाख ५३ हजार. तूट १ लाख ५ हजारांची! म्हणजे ईस्टरने थोडाफार वाटा उचलला असेल, पण एकट्या ईस्टरवर दोष ढकलता येणार नाही.

त्या दिवसांत आणखी दोन गोष्टी घडत होत्या. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश विमानांना बंद केले. ते पूर्णपणे खुले झाले १६ जुलैला. युरोपातून भारतात येणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडू लागला. शिवाय कर्जात बुडालेल्या जेट एअरवेजची विमाने एकामागून एक जमिनीवर उभी राहिली आणि १७ एप्रिलला त्या कंपनीचे उड्डाण पूर्ण थांबले. या कारणांपैकी कोणाचा वाटा किती, हे नुसत्या मासिक आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी देशवार आकडे पाहावे लागतील. सामाईक कारण आहे एवढेच सांख्यिकी सांगते. ते कोणते, हे शोधायला आकड्यांबाहेरचे जग पाहावे लागते.

गोव्याचे उदाहरण याहून ठसठशीत आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खास भाड्याने घेतलेल्या, म्हणजे 'चार्टर', विमानांनी परदेशी पर्यटक येऊ लागले. एक कंपनी आख्खे विमान भरून माणसे आणते. धंद्याला हे सोयीचे, पण गणिताच्या भाषेत गाठोडे मोठे झाले. २०१४ च्या अखेरीस रशियाच्या रूबलची किंमत कोसळली आणि गोव्यातले रशियन पाहुणे एकदम रोडावले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील टॉमस कुक ही कंपनी बंद पडली आणि हंगामाच्या तोंडावर तिची गोव्याची उड्डाणे गेली. किनाऱ्यावर खाटा मांडून बसलेल्या माणसाने काहीही चूक केलेली नव्हती. त्याचे गिऱ्हाईक एकाच दोरीने बांधलेले होते आणि दोरी दुसरीकडेच तुटली.

वादळामागून वादळ

चढउतारांचा आणखी एक स्वभाव आहे. शांत महिन्यांच्या मागे बहुधा शांत महिने येतात आणि खळबळीच्या मागे खळबळीचे. १९८२ साली रॉबर्ट एंगल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनमधील महागाईचा अभ्यास करताना हा स्वभाव गणितात बसवला. २००३ साली त्याला याच कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची कल्पना थोडक्यात अशी : पुढच्या महिन्याच्या चढउताराचा वर्ग = एक ठरावीक संख्या + गेल्या महिन्याच्या चुकीच्या वर्गाचा काही हिस्सा.

उदाहरणादाखल, हजारांत मोजताना, ठरावीक संख्या ४०० (म्हणजे २० चा वर्ग) आणि हिस्सा निम्मा धरू. गेल्या महिन्याची चूक १० हजार असेल तर ४०० + ५० = ४५०; वर्गमूळ सुमारे २१ हजार. पण चूक ९६ हजारांची असेल तर ४०० + ४,६०८ = ५,००८; वर्गमूळ सुमारे ७१ हजार. म्हणजे पुढच्या महिन्यासाठी अंदाजाच्या दोन्ही बाजूंना तिपटीहून अधिक जागा मोकळी ठेवली पाहिजे. ध्यानात घ्या, पाहुणे वाढतील की घटतील हे सूत्र सांगत नाही. ते फक्त सावध राहण्याचे माप देते. आपल्या कोष्टकात मार्चनंतर एप्रिल शांतच गेला, तरी ते या सूत्राविरुद्ध नाही. छत्री घेतली आणि पाऊस आला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही पद्धत पर्यटनालाही लावली गेली आहे. फेलिक्स चॅन, क्रिस्टीन लिम आणि मायकेल मॅकअलीर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपान, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांतून ऑस्ट्रेलियात येणाऱ्या पर्यटकांच्या चढउतारांची एकत्र तपासणी केली. चार वेगवेगळ्या देशांचे पाहुणे म्हणजे चार स्वतंत्र गाठोडी, की तीही एकमेकांना बांधलेली, हा त्यातला कळीचा प्रश्न होता.

सगळे जग एकाच गाठोड्यात

या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर २०२० साली मिळाले. करोनाच्या साथीमुळे मार्चअखेरीस आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबली. एप्रिल २०१९ मध्ये भारतात ७ लाख ७५ हजार परदेशी पर्यटक आले होते; एप्रिल २०२० मध्ये आले २,८२०. आपल्या सूत्रात गाठोड्याचा आकार संपूर्ण संख्येएवढाच घाला, म्हणजे ग = स. मग चढउताराचा वर्ग स × स आणि चढउतार खुद्द 'स' एवढा. साराच्या सारा हंगाम बुडू शकतो! सूत्रात ही शक्यता पहिल्यापासून होती. जुन्या आकड्यांत ती कधी दिसली नव्हती, इतकेच. २०२१ साली वर्षभरात १५ लाख पर्यटक आले. २०२४ पर्यंत ही संख्या साडेनव्याण्णव लाखांवर आली, तरी ती २०१९ च्या मागेच राहिली.

तेव्हा प्रतिमान बिनकामाचे का? नाही. पण त्याचा खरा उपयोग एक नेमका आकडा सांगण्यात नसून त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना किती मोकळी जागा सोडायची हे सांगण्यात आहे. ज्याचे गिऱ्हाईक एकाच कंपनीच्या विमानातून उतरते त्याने वाईट वर्षासाठी गाठीला अधिक बांधून ठेवावे, आणि जमेल तर दुसऱ्या देशाचे, दुसऱ्या ऋतूचे, आपल्याच देशातले पाहुणेही जोडावेत. गाठोडी लहान आणि पुष्कळ असली, की चढउतार आपोआप मवाळ होतात.

करून पाहा

शेवटी एक प्रयोग. सावंगीच्या किंवा तुमच्या गावच्या बसथांब्यावर दोघे मित्र वही घेऊन बसा. दर पाच मिनिटांत किती माणसे उतरली हे मोजा. असे वीस वेळा करा. वीस आकड्यांची सरासरी काढा. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढून त्याचा वर्ग करा आणि त्या वर्गांचीही सरासरी काढा. या दुसऱ्या सरासरीला पहिलीने भागा. उत्तर १ च्या जवळ आले तर माणसे सुटी-सुटी येत आहेत. ५ आले तर ऑटो भरून येत आहेत. त्याहून बरेच मोठे आले तर मान वर करून पाहा, बहुधा नुकतीच एस. टी. येऊन गेली असेल!

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. लहान ठिकाणी निव्वळ योगायोगाचा चढउतारही प्रमाणाने मोठा असतो. एखाद्या जागी महिन्याला १०० परदेशी पाहुणे येत असतील तर १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा फरक काहीच कारण नसताना पडेल. ९० आले म्हणून हताश होऊ नये आणि ११० आले म्हणून दुकान वाढवू नये. १०० चे ४० झाले, तर मात्र दोरी कोठे तुटली ते शोधायला निघावे.

तुमचे उत्तर किती आले, ते वर्गात आपल्या शिक्षकांना दाखवा. आणि जमल्यास थांब्यावरच्या टपरीवाल्यालाही विचारा, की उद्याचे दूध तो कसे ठरवतो. त्याचे प्रतिमान तुमच्यापेक्षा जुने आणि रोज तपासलेले असेल.